गावातली 'लाईन' आणि इंग्रजीतली 'लाइन' : नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

इंग्रजी शिकायला बसलेला गावाकडचा विद्यार्थी सहसा अवघड शब्दांना घाबरतो, पण त्याला खरे अडखळायला लावतात ते सोपे शब्द. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो एकदा पाठ झाला की काम भागते. सोप्या शब्दाचे तसे नसते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत 'सेट' या एकट्या क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ नोंदवले होते, आणि पुढे सुधारित नोंदी तयार झाल्या तेव्हा 'रन' या क्रियापदाने 645 अर्थांपर्यंत मजल मारून त्यालाही मागे टाकले. एवढे अर्थ पाठ करणे कोणालाही शक्य नाही आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही ते पाठ करत नाहीत.

माझ्या मते सुरुवात 'सेट' किंवा 'रन' यांपासून करूच नये. ती 'लाइन' या शब्दापासून करावी, कारण हा शब्द आपल्या घरात कधीचाच नांदतो आहे. मराठी माध्यमातून दहावी-बारावी झालेले, गावच्या अभ्यासिकेत बसून तलाठी भरतीसारख्या परीक्षांची तयारी करणारे आणि शिकवणी वर्गासाठी अमरावती किंवा नागपूर गाठणे ज्यांना परवडत नाही असे वाचक समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. सोयीसाठी आपल्या बोलण्यातला शब्द येथे 'लाईन' असा आणि इंग्रजीतला 'लाइन' असा लिहिला आहे.

पहिली पायरी : गावातल्या लाईनी गोळा कराव्यात

वहीचे एक पान घ्यावे आणि आपल्या गावात हा शब्द कुठे कुठे ऐकू येतो ते वाक्यासकट लिहून काढावे. नुसता शब्द आणि त्यापुढे अर्थ अशी यादी करू नये; शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरत असल्याने वाक्य जपणे महत्त्वाचे आहे.

'लाईन केव्हा येईन?' हा प्रश्न वऱ्हाडात वर्षभर कानावर पडतो, आणि तेथे लाईन म्हणजे वीज. हरभऱ्याला पाणी देण्यासाठी रात्री वावरात थांबलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी तिचा अर्थ आणखी नेमका होतो. खोपडीतला, म्हणजे शेतातल्या झोपडीतला, दिवा लागला तरी तो 'लाईन आली' म्हणत नाही, कारण त्याला मोटार चालेल अशी थ्री फेज लाईन हवी असते. रेशनच्या दुकानासमोर 'लाईनीत लागा' असे सांगितले जाते, तेथे लाईन म्हणजे रांग. 'तुह्या पोराले कोन्या लाईनले टाकलं?' असे एखादे काका विचारतात, तेव्हा त्यांना शिक्षणाची शाखा किंवा धंदा विचारायचा असतो. बिघडलेला मुलगा सुधारला की तो 'लाईनवर आला' म्हणतात, आणि कॉलेजच्या बसथांब्यावर 'लाईन मारणे' काय असते ते येथे समजावून सांगण्याची गरज नाही. घराचे काम निघाले की मिस्त्री आधी 'लाईनआउट', म्हणजे जागेवर आखणी, करून देतो, आणि ठिबक बसवणारा माणूस 'मेनलाईन कुठून न्यायची?' असे विचारतो.

एवढी वाक्ये जमली की आपल्याला हा शब्द किती येतो याचा अंदाज येतो. बहुतेकांना तो स्वतःच्या समजुतीपेक्षा जास्त येत असतो.

दुसरी पायरी : मिस्त्रीची दोरी पाहावी

'लाइन' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतल्या 'लिनम' या शब्दात आहे आणि लिनम म्हणजे आपले जवस. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत धानाच्या बांध्यात उतेरा म्हणून, म्हणजे उभ्या धानात बी फेकून, टाकले जाते, ज्याला निळी फुले येतात आणि ज्याची चटणी भाकरीसोबत खाल्ली जाते, तेच हे पीक. आपण जवस बियांसाठी आणि तेलासाठी घेतो. युरोपात त्याच्या खोडापासून धागा काढून कापड विणले जात असे. त्या कापडाला 'लिनन' म्हणतात, बियांना 'लिनसीड' म्हणतात आणि त्या धाग्यासाठी लॅटिनमध्ये असलेल्या 'लिनिआ' या शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीतली 'लाइन' आली. थोडक्यात, लाइन ही मुळात कागदावर काढलेली रेघ नसून ताणलेला दोरा आहे.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर घराचे बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी सकाळी जाऊन उभे राहावे. मिस्त्री दोन कोपऱ्यांवर दोन विटा पक्क्या बसवतो, एका टोकाला लाईनदोरीचा खिळा रोवतो, दुसऱ्या टोकाला दोरी ओढून ताण देतो आणि बोटाने एकदा छेडून ती सैल तर नाही ना हे पाहतो. मग त्या दोरीला धरून मधल्या विटा एकामागून एक बसत जातात. या एका दोरीत शब्दाचे जवळजवळ सगळे अर्थ दडलेले आहेत. ती दोन टोके जोडते, अलीकडची जागा आणि पलीकडची जागा वेगळी करते, आणि तिच्या आधाराने वस्तू ओळीने मांडता येतात. पुढे कोणताही अपरिचित प्रयोग दिसला की आधी हा प्रश्न स्वतःला विचारावा : येथे लाइन जोडते आहे, वेगळे करते आहे की ओळ लावते आहे?

तिसरी पायरी : प्रत्येक वाक्य आपल्या जागी ठेवावे

जोडणाऱ्या लाइनी ओळखणे सर्वांत सोपे आहे. विजेची तार, टेलिफोन, पाइपलाइन, एअरलाइन, 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन, या सर्व दोन टोके जोडतात. 1962 च्या क्यूबा पेचप्रसंगानंतर 1963 मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात जी 'हॉटलाइन' सुरू झाली तीही याच वर्गातली आहे. चित्रपटांमुळे ती लाल रंगाचा टेलिफोन असावी असे वाटते, प्रत्यक्षात ती टंकलिखित संदेश पाठवणारी यंत्रणा होती. रेल्वेच्या बाबतीत एक बारकावा ध्यानात ठेवावा. आपण रुळालाही लाईन म्हणतो आणि मार्गालाही लाईन म्हणतो, पण इंग्रजीत जमिनीवरचे रूळ म्हणजे प्रामुख्याने 'ट्रॅक' आणि दोन गावांमधला मार्ग म्हणजे 'लाइन'. मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळला आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे ही 'नॅरोगेज लाइन' होती, आणि तिच्या 'ट्रॅक'ची रुंदी 762 मिलिमीटर होती, असे दोन्ही शब्द नीट वापरता येतात.

वेगळे करणाऱ्या लाइनींचा वर्ग परीक्षार्थींनी विशेष काळजीने पाहावा, कारण सामान्य ज्ञान आणि इंग्रजी हे दोन्ही विषय येथे एकत्र येतात. 1893 ची ड्युरँड लाइन, 1914 ची मॅकमोहन लाइन, 1947 ची रॅडक्लिफ लाइन या सीमा आहेत. जम्मू-काश्मीरमध्ये 1949 साली ठरलेल्या युद्धबंदी रेषेची जागा 1972 च्या सिमला करारानंतर 'लाइन ऑफ कंट्रोल'ने घेतली. तिला सीमा न म्हणता नियंत्रण रेषा म्हणतात याचे कारण ती मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय सरहद्द नाही, आणि चीनलगतच्या 'लाइन ऑफ ॲक्च्युअल कंट्रोल'चेही तसेच आहे. नकाशावर काढलेली असली तरी ही लाइन करते काय, तर अलीकडचे आणि पलीकडचे वेगळे करते.

कधी ही लाइन जमिनीवर नसतेच. रेशनकार्डामुळे 'बीपीएल' ही अक्षरे गावात लहान मुलालाही ठाऊक असतात. त्यांचा विस्तार 'बिलो पॉव्हर्टी लाइन' असा आहे. ही लाइन म्हणजे एक आकडा असतो. गरिबी मोजण्याची पद्धत ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार 2011-12 साठी ग्रामीण भारतात दरडोई दरमहा 816 रुपये खर्च ही ती रेषा ठरली होती. 815 रुपये खर्च करणारा खाली आणि 817 रुपये खर्च करणारा वर, असा या लाइनीचा निष्ठुर न्याय असतो.

'डेडलाइन' हा शब्द आपण अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेसाठी सर्रास वापरतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1864 मध्ये, जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत तटबंदीच्या आतल्या बाजूने एक लाकडी कठडा होता. तो ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत, आणि त्या कठड्यालाच 'डेड लाइन' म्हणत. वेळेच्या मर्यादेसाठी हा शब्द पुढे विसाव्या शतकात, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून, रुळला. जागेवरची लाइन काळावर कशी जाते, याचा हा उत्तम नमुना आहे.

आपल्या गावच्या मैदानावरचे उदाहरण कबड्डीचे आहे. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर असलेली निदान रेषा म्हणजे पुरुषांच्या मैदानावरची 'बॉक लाइन', आणि तिच्या पुढे एक मीटरवर 'बोनस लाइन'. समोर सहा किंवा अधिक बचावपटू असताना चढाई करणाऱ्याने बोनस लाइन नियमाप्रमाणे ओलांडली की गुण मिळतो. कबड्डीत लाइन ओलांडणे हे कौशल्य आहे. 'यू क्रॉस्ड द लाइन' असे कोणी रोजच्या बोलण्यात म्हटले तर मात्र ती तक्रार असते, आणि तिचा अर्थ आपण मर्यादा सोडली असा होतो. आपल्याकडे याच ठिकाणी लक्ष्मणरेषा आठवते, त्यामुळे हा प्रयोग मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

ओळ लावणाऱ्या लाइनींत रांग, कवितेची ओळ आणि वसाहत हे तिन्ही येतात. नागपूरच्या 'सिव्हिल लाइन्स'मध्ये आज एकसारखी ओळ दिसत नाही. पण इंग्रजी अमदानीत सैनिकांच्या ओळीने बांधलेल्या निवासांना 'लाइन्स' म्हणत, आणि मुलकी अधिकाऱ्यांच्या वस्तीला त्यावरूनच 'सिव्हिल लाइन्स' हे नाव पडले. 'पोलिस लाईन' हा आपला शब्दही त्याच मुशीतला. लिहिलेल्या ओळीवरून नटाचे संवाद हा अर्थ आला. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईच्या (गावजत्रेच्या) दिवसांत रात्रभर चालणारे नाटक ज्यांनी पाहिले आहे त्यांना 'ही फरगॉट हिज लाइन्स' म्हणजे नट आपले संवाद विसरला, हे एकदा सांगितले की पुरे. येथे शेवटचा 'स' महत्त्वाचा आहे, कारण संवाद या अर्थाने हा शब्द बहुधा अनेकवचनी येतो. बचत गटाच्या हिशेबवहीतली शेवटची ओळ, जेथे नफा किंवा तोटा दिसतो, ती 'बॉटम लाइन'. त्यावरून कोणत्याही चर्चेतल्या मुख्य मुद्द्यालाही हेच नाव मिळाले.

चौथी पायरी : आधी येणारा लहान शब्द तपासावा

इंग्रजी शिकताना 'इन', 'ऑन', 'आउट' हे शब्द किरकोळ समजून सोडून दिले जातात आणि तेथेच घोटाळा होतो. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांच्याकडे याचे उत्तर नळीतच आहे. कपाशीला किंवा भाजीपाल्याला वापरतात त्या 'इनलाइन' नळीच्या आतच कारखान्यात ड्रिपर बसवलेले असतात, ठराविक अंतरावर, आणि बाहेरून फक्त छिद्र दिसते. संत्र्याच्या बागेत साधी नळी टाकून, झाडाचा घेर पाहून, बाहेरून टोचून ड्रिपर लावले तर ते 'ऑनलाइन' ड्रिपर होत. आत असेल तर 'इन', वर लावलेले असेल तर 'ऑन'. वरूड-मोर्शीकडच्या बागाईतदाराला ही गोष्ट व्याकरणाचे पुस्तक न उघडता माहीत असते. सातबारा 'ऑनलाइन' काढतो तेव्हा आपण दूरसंचाराच्या लाइनीवर, म्हणजे जाळ्याला जोडलेले असतो. तर्क तोच आहे, नळी तेवढी बदलली.

आता अवघड वाटणारे प्रयोग पाहावेत. 'इन लाइन' म्हणजे रांगेत. 'इन लाइन विथ' म्हणजे एखाद्या गोष्टीला धरून, तिच्याशी सुसंगत; शासन निर्णयांच्या इंग्रजी मसुद्यांत ही रचना वारंवार भेटते. 'इन लाइन फॉर' म्हणजे पुढचा हक्कदार, ज्याचा नंबर लागण्याची शक्यता आहे असा. 'आउट ऑफ लाइन' म्हणजे वागणे शिस्तीला सोडून असणे. 'ऑन द लाइन' म्हणजे पणाला लागलेले, जसे 'हिज जॉब इज ऑन द लाइन' म्हणजे त्याची नोकरी धोक्यात आहे. या शेवटच्या वाक्यातला 'द' काढून टाकला आणि दोन शब्द जोडून लिहिले तर त्याची नोकरी इंटरनेटवरची आहे असा भलताच अर्थ निघेल.

रांगेबद्दल एक गंमतही नोंदवून ठेवावी. अमेरिकेत लोक 'इन लाइन' उभे राहतात, न्यूयॉर्कच्या परिसरात बरेच जण त्यालाच 'ऑन लाइन' म्हणतात, आणि इंग्लंडमध्ये रांगेसाठी 'क्यू' हा शब्द आहे. परीक्षेत यांपैकी कोणताही एक प्रकार धरावा, पण एकाच उताऱ्यात मिसळ करू नये.

पाचवी पायरी : क्रियापद झालेली लाइन ओळखावी

'लाइन अप' म्हणजे रांगेत उभे राहणे किंवा करणे. 'द रोड इज लाइन्ड विथ नीम ट्रीज' म्हणजे रस्त्याच्या कडेने कडुलिंबांची ओळ आहे. येथवर तिसऱ्या पायरीतला ओळीचा अर्थ कामी येतो. एका क्रियापदाला मात्र तो लागू पडत नाही, आणि ते क्रियापद विदर्भात रोज भेटते. शिंपीकाकू ब्लाउजला 'लायनिंग' लावायचे का विचारतात, तेथे लायनिंग म्हणजे अस्तर. शेततळे खोदून झाले की पाणी मुरू नये म्हणून त्यात प्लास्टिकचा जाड कागद अंथरतात, कडेच्या चरात दाबून मातीने पक्का करतात; त्याला 'पॉन्ड लायनिंग' म्हणतात, आणि कालव्याच्या अस्तरीकरणाला 'कॅनॉल लायनिंग'. येथे ओळ नाही, रेघही नाही. कपड्याला आतून लिननचे अस्तर लावण्याच्या जुन्या रिवाजावरून हे क्रियापद आले. म्हणजे दोन्ही 'लाइन' जवसाच्याच, पण एक धाग्याची आणि एक कापडाची. 'ही लाइन्ड हिज पॉकेट्स' या वाक्यात एखाद्याने खिशाला अस्तर लावले असे शब्दशः दिसते. अर्थ आहे की त्याने गैरमार्गाने खिसे भरले.

सहावी पायरी : आपली लाईन जशीच्या तशी इंग्रजीत नेऊ नये

पहिल्या पायरीतले पान आता पुन्हा उघडावे आणि प्रत्येक वाक्यापुढे इंग्रजीत काय म्हणायचे ते लिहावे. 'लाईन गेली' याचे 'द लाइन हॅज गॉन' असे केल्यास ऐकणाऱ्याला टेलिफोन बंद पडला असे वाटेल. 'द पॉवर इज आउट' किंवा 'देअर इज अ पॉवर कट' असे म्हणावे. 'तो मेडिकल लाईनले आहे' यासाठी 'ही इज इन द मेडिकल लाइन' हे भारतात चालून जाते, पण त्यातून तो शिकतो आहे, डॉक्टर आहे की औषधाचे दुकान चालवतो हे कळत नाही. 'ही इज स्टडीइंग मेडिसिन' किंवा 'ही रन्स अ मेडिकल शॉप' असे नेमके सांगावे. मुलाखतीत स्वतःच्या कामाविषयी बोलताना 'इन माय लाइन ऑफ वर्क' ही रचना मात्र बिनचूक आणि सभ्य आहे. मिस्त्रीच्या 'लाईनआउट'ला बांधकामाच्या इंग्रजीत 'सेटिंग आउट' म्हणतात. 'लाईन मारणे' याचे शब्दशः भाषांतर इंग्रजीत निरर्थक ठरते. त्याला 'फ्लर्ट' हे क्रियापद आहे.

गावच्या वायरमनला महावितरणने 'जनमित्र' असे नाव दिले, तरी गाव त्याला लाईनमनच म्हणते, आणि ते इंग्रजीतही 'लाइनमन' असेच बरोबर आहे. मध्ये 'स' घालून 'लाइन्समन' केले की तो फुटबॉलच्या मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन धावणारा पंच होतो, ज्याला 1996 पासून अधिकृतपणे सहायक पंच म्हणतात.

सातवी पायरी : परीक्षेपुरते वाक्प्रचार

येथे फार वेळ घालवू नये. 'ड्रॉ द लाइन' म्हणजे अमुक मर्यादेपलीकडे जाणार नाही असे ठरवणे. 'टो द लाइन' म्हणजे वरून आलेला आदेश निमूटपणे पाळणे. यातला 'टो' म्हणजे पायाचे बोट, स्पेलिंग टी-ओ-ई. शर्यतीत सर्वांनी पायाची बोटे रेघेला लावून उभे राहण्यावरून तो आला असल्याने टी-ओ-डब्ल्यू असे लिहिणे चूक आहे, आणि पर्यायांत हीच चूक हमखास दिलेली असते. 'रीड बिटवीन द लाइन्स' म्हणजे न लिहिलेला आशय ओळखणे. 'ड्रॉप मी अ लाइन' म्हणजे मला पत्र किंवा निरोप पाठव. आपण 'चार ओळी लिही' म्हणतो, इंग्रज एकीवर भागवतो.

आठवी पायरी : उच्चार आणि कोश

'लाइन' हा शब्द एका झटक्यात म्हणावा. शेवटचे ई हे अक्षर उच्चारले जात नाही. 'ला-यन' असे दोन तुकडे केले की तो सिंह होतो. मुलाखतीच्या भीतीने घाईत बोलणारे येथे हटकून घसरतात.

कोशात शब्द पाहताना पहिला अर्थ वाचून कोश मिटू नये. आधी तो नाम म्हणून आला आहे की क्रियापद म्हणून, हे आपल्या वाक्यावरून ठरवावे आणि कोशातल्या त्याच भागात जावे. मग अर्थ न वाचता उदाहरणाची वाक्ये वाचत जावे. आपल्या वाक्याच्या जवळचे उदाहरण सापडले की त्याच्या वर दिलेला अर्थ आपला. शिकाऊंसाठीचे इंग्रजी-इंग्रजी कोश मोबाईलवर विनामूल्य पाहता येतात आणि त्यांतली उदाहरणे सोपी असतात. इंग्रजी-मराठी कोश सोबत असावा, पण त्यात पुष्कळदा 'रेषा, ओळ, रांग, दोरी' एवढेच मिळते आणि 'इन लाइन विथ' सारखी रचना सुटून जाते. सापडलेले वाक्य वहीत उतरवताना त्यासमोर गावातले त्याच अर्थाचे वाक्य लिहावे, आणि तसे वाक्य मिळत नसेल तर जागा कोरी ठेवावी. आधी उजळणी करायची ती या कोऱ्या जागांसमोरच्या वाक्यांची. हाच क्रम पुढे 'पॉइंट', 'पास' आणि 'चार्ज' या शब्दांना लावावा, कारण तेही पानठेल्यापासून पंचायत समितीपर्यंत रोज बोलले जातात. 'सेट' आणि 'रन' त्यानंतर घ्यावेत.